वरातीची जीप : आधी परवाना पाहा

छप्पर काढून, दिव्यांची आरास केलेली जीप वरातीसाठी भाड्याने घेण्याची हौस आता नवी राहिलेली नाही. पारनेर तालुक्यात असे वाहन ठरविणाऱ्यांनी मात्र प्रथम नंबरप्लेट पाहावी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असल्यास ते वाहन खासगी होय. भाड्याच्या जीपची पाटी पिवळी असते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार भाडे घेऊन प्रवासी नेणारे कोणतेही मोटार वाहन 'सार्वजनिक सेवा वाहन' ठरते, मग ते भाडे एकाच वरातीचे का असेना! कलम ६६ अन्वये त्यास परवाना लागतो. पारनेरची वाहने अहिल्यानगरच्या (एमएच १६) परिवहन कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. परवाना नसल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, पहिल्याच गुन्ह्यास १० हजार रुपये दंड व ६ महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. छप्पर कापण्यासारख्या बदलांना कलम ५२ ची आडकाठी आहे, ती वेगळीच.

वऱ्हाडी मंडळींच्या दृष्टीने खरा धोका विम्याचा. विनापरवाना भाड्याने धावणाऱ्या वाहनास अपघात झाल्यास जबाबदारी नाकारण्याचा बचाव विमा कंपनीला कायद्यानेच उपलब्ध आहे. त्यामुळे विसार देण्यापूर्वी परवाना, योग्यता प्रमाणपत्र आणि विमापत्राची मुदत तपासून घ्यावी.