पगारी समाजसेवा

समाजसेवेचा पगार घ्यायचा? मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून रुजू झाले, तेव्हा मामांनी हेच विचारलं. त्याचं उत्तर मुंबईच्या नागपाड्यात आहे. तिथल्या नेबरहूड हाउसमध्ये अमेरिकी मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट गरीब वस्तीसाठी काम करत. नुसता कळवळा पुरत नाही, त्यासाठी शिकलेली माणसं लागतात, हे त्यांनी ओळखलं. १९३६मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या आधाराने तिथेच समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं. मॅनशार्ट पहिले संचालक. हीच संस्था पुढे ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’, म्हणजे ‘टिस’, झाली आणि १९५४मध्ये देवनारला गेली.

पण शिकून नोकरी कुठे? १९४६मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाचं पद आलं. १९४८च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. माझ्या मते, या व्यवसायाला खरं बळ दिलं ते या कलमाने. पगार असला की माणूस टिकतो, नोंदी ठेवतो. क्षयरोग्याने गोळ्या मध्येच का सोडल्या, हे विचारायला त्याच्या घरी जाणं हे माझं कामच होतं. कुणाच्या सवडीवर सोडलेला उपकार नव्हे. मामांना मी तेव्हा हेच सांगितलं.