महागाई आणि ठरावीक रकमेचे निवृत्तिवेतन : फरीदाबादचे उदाहरण

औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक ठरविताना देशातील ८८ औद्योगिक केंद्रांतील भाव विचारात घेतले जातात. हरियाणातील फरीदाबाद हे त्यांपैकी एक. श्रम ब्युरोच्या या निर्देशांकावरून केंद्र सरकारी कर्मचारी व निवृत्तांचा महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी सुधारला जातो. जुलै २०२५ पासून तो मूळ वेतनाच्या ५८ टक्के झाला. मात्र ज्या शहरातील डाळ, भाजी आणि घरभाडे या हिशेबात धरले जाते, तेथील कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांच्या पेन्शनचा या निर्देशांकाशी काहीही संबंध नाही.

खासगी कारखान्यांतील कामगारांना कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ लागू आहे. तिचे किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरले आणि पुढे तेथेच राहिले. त्या महिन्यात निर्देशांक २००१ च्या पायावर २५३ होता. जून २०२५ मध्ये तो त्याच पायावर रूपांतरित केल्यास सुमारे ४१८ भरतो. म्हणजे आजच्या हजार रुपयांत २०१४ मधील सुमारे ६०० रुपयांचाच माल येतो. कागदावर एक पैसाही कापला गेलेला नाही, म्हणूनच ही कपात सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. योजनेची वेतनमर्यादाही २०१४ पासून १५,००० रुपयांवरच राहिल्याने नव्या निवृत्तांचे पेन्शनही त्याच चौकटीत मोजले जाते.

केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाची अवस्था याहून बिकट आहे. १९९५ मध्ये ७५ रुपयांपासून सुरू झालेले हे साहाय्य २००६ मध्ये २०० रुपये झाले. पुढे पात्रतेचे वय ६५ वरून ६० वर आले, ८० वर्षांवरील वृद्धांसाठी ५०० रुपये ठरले. परंतु त्याखालील दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा २०० रुपयेच राहिला. २००६ च्या भावांत त्याचे मोल आता जेमतेम ६० रुपये उरते. ग्रामविकासविषयक संसदीय स्थायी समितीने वाढीची शिफारस वारंवार केली आहे.

हरियाणाचे चित्र मात्र वेगळे आहे, आणि ते नोंदविणे न्याय्य ठरेल. मुख्यमंत्री देवीलाल यांच्या सरकारने १९८७ मध्ये दरमहा १०० रुपयांनी वृद्धापकाळ पेन्शन सुरू केली. तेव्हापासून भाव साधारण १३ पट वाढले. त्या हिशेबाने ही रक्कम १,३०० रुपयांच्या आसपास असायला हवी होती. प्रत्यक्षात जानेवारी २०२४ मध्ये ती ३,००० रुपयांवर पोहोचली. पेन्शन हा राज्यातील प्रत्येक निवडणुकीचा मुद्दा राहिला, हे त्यामागील मुख्य कारण.

तरीही ही वाढ सूत्राने नव्हे, सरकारच्या इच्छेने होते आणि मधला काळ लाभार्थ्याच्या अंगावर पडतो. एप्रिल २०२१ मध्ये रक्कम २,५०० रुपये झाली. पुढील वाढ एप्रिल २०२३ मध्ये, २,७५० रुपयांवर. वाढ १० टक्के, तर त्या दोन वर्षांत निर्देशांक १२०.१ वरून १३४.२ वर, म्हणजे जवळपास १२ टक्के वर गेला. शिवाय चोवीस महिने रक्कम स्थिर असताना दर महिन्याला झालेली झीज नंतरच्या वाढीने परत मिळत नाही.

यावर उपाय म्हणजे वाढ कायद्यात बांधणे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा लाभ १९७५ पासून महागाईनुसार आपोआप वाढतात. राजस्थानने २०२३ च्या किमान उत्पन्न हमी कायद्यात पेन्शनमध्ये वर्षाला १५ टक्के वाढीची तरतूद केली. अशा तरतुदीचा तिजोरीवरील भार दरवर्षी वाढतो, आणि राज्ये कचरतात ती येथेच.

झीज केवळ रकमेची होत नाही, पात्रतेच्या मर्यादेचीही होते. महागाईबरोबर मजुरी वाढते, मर्यादा मात्र जागची हलत नाही. परिणामी गरिबी न हटताही माणूस यादीबाहेर जातो. महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे साहाय्य ६०० रुपयांवरून २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. त्या वेळीही कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा २१,००० रुपयेच होती. वर्षाचे अनुदानच १८,००० रुपये भरते.