वज्री कुणाची?



पुण्यात बाजीराव रस्त्यालगत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) साधारण १९२० पासून जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, म्हणून त्याचं नाव संग्रहालयाला दिलं. पुढे केळकरांनी हा ठेवा महाराष्ट्र शासनाला दिला. आज संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत. त्यात शस्त्रं आहेत. पण दिवे, अडकित्ते, फण्या, स्वयंपाकाची भांडीही आहेत. म्हणजे बायकांच्या रोजच्या हातातल्या वस्तू. बखरीत ज्यांची नावं आली नाहीत, त्यांचा हा इतिहास.

पाचवीत असताना मीही तिथे गेले होते. रांग मोडू नका, हात लावू नका, पाट्यांवरची नावं वहीत उतरवा, एवढंच सांगितलं होतं. वही भरली. आठवतात ते फक्त दुखणारे पाय.

पुढे मुलीच्या वर्गाबरोबर सांगवीहून पुन्हा गेले, पालक म्हणून. तिच्या बाईंनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "घरातली एक बंद पडलेली वस्तू शोधा आणि आजीला तिच्याबद्दल विचारा." संग्रहालयात त्यांनी सगळी दालनं पळत दाखवली नाहीत. एका वज्रीपाशी थांबल्या. "खालची बाजू खरबरीत का असेल?" उत्तर सांगून टाकलं नाही, वाट पाहिली. एक मुलगी म्हणाली, "माझी आजी अंघोळीला दगडाने टाचा घासते, तसं?" बाई हसल्या. "मग वर मोर कशाला?" मुलं बोलायला लागली. शेवटी त्यांनी विचारलं, "ही घडवली कुणी, वापरली कुणी? नाव दिसतंय का?" मुलांनी शोधलं. नाव नव्हतं.

त्या रात्री मुलीने सासूबाईंना माळ्यावरचं जातं कुणाचं ते विचारलं. सासूबाईंनी त्यांच्या आजेसासूचं नाव घेतलं. ते नाव घरात मी पहिल्यांदा ऐकलं.

मैत्रिणींनो, सांगवीत शेतं गेली, इमारती आल्या. घरं पाडताना जाती-पाटे राडारोड्यात जातात. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक जुनी वस्तू आणा. कुणाची, कशाची, कुठून आली, हे चिठ्ठीवर लिहून बांधा. आणि शाळेची सहल ठरली की गुरुजींना, बाईंना तेवढं सांगा: चारच वस्तू दाखवा, पण मुलांना विचारू द्या.