आतड्यात शिरलेलं आतडं

पोटात कळ आली, गोळा उठला की आपल्याकडे खेड्यापाड्यांत आधी 'बेंबी सरकली' म्हणतात. पोट चोळून घेतलं की कळ ओसरते आणि माणूस कामाला लागतो. पुढच्या महिन्यात तेच पुन्हा. अशा येणाऱ्या-जाणाऱ्या कळांमागची बहुतेक कारणं साधी असतात. पण क्वचित एखाद्याच्या पोटात सदऱ्याची बाही आत दुमडावी तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरलेला असतो. मोठ्या माणसांत हा आजार ओळखायला वैद्यकाला फार वेळ लागला.

आतड्याच्या अडथळ्यावर शस्त्र चालवण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. बेंबीखाली डावीकडे पोट उघडावं, आतडी बाहेर घेऊन अडलेले केस, खडे काढावेत आणि पोट शिवावं, असं सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे. आतड्यात आतडं शिरण्याचं वर्णन मात्र १६७४ साली ॲमस्टरडॅमच्या पॉल बार्बेटनं केलं आणि जॉन हंटरनं १७९३ साली छापलेल्या निबंधात ते नेमकं मांडलं.

पुढचा बराचसा इतिहास लहान मुलांचा आहे. जोनाथन हचिन्सननं १८७१ साली लंडनमध्ये एका दोन वर्षांच्या मुलीचं पोट उघडून शिरलेलं आतडं सोडवलं आणि ती वाचली. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंगनं १८७६ साली गुदद्वारातून पाणी चढवून त्याच्या दाबानं आतडं मागे ढकलण्याची रीत मांडली. रॅविचनं १९४८ मध्ये तीच रीत बेरियम आणि क्ष-किरणांच्या मदतीनं पक्की केली. मुलांत बहुधा ठळक कारण सापडत नाही. आतडं सुटलं की बहुतेकदा काम झालं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर, आज सांगली जिल्ह्यात असलेलं शिराळा त्या काळात सातारा जिल्ह्यात, इंग्रजांच्या खालसा मुलखात होतं. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेसनी मिशनचं इस्पितळ १८९४ साली मिरजेत उघडलं, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात. शिराळ्याच्या रोग्याला या इस्पितळाच्या दारापर्यंत पोचायचं तर दुसऱ्या राजवटीत जावं लागे. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि दोन्ही गावं एका जिल्ह्याची झाली; १९६० मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली पडलं. १९६२ साली मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आलं.

तरी मोठ्या माणसांचं कोडं सुटलं नव्हतं. पोट दुखतं, उलटी होते, वारा सरत नाही, ही लक्षणं कितीतरी आजारांत दिसतात. निदान पुष्कळदा पोट उघडल्यावरच होई. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात तीस वर्षांत असे जेमतेम ५८ रुग्ण आले. आझार आणि बर्गर यांनी १९९७ साली त्यांचा आढावा घेतला, तेव्हा दहापैकी नऊहून अधिकांच्या आतड्यात काही ना काही विकृती निघाली: चरबीची गाठ, कोंब (पॉलिप), कर्करोग. आतडं पुढे सरकताना तीच टोकाशी असते आणि मागचा भाग ओढून नेते. म्हणून मुलांची रीत इथे पुरी पडत नाही. आतडं सोडवलं तरी ओढणारी गाठ जागेवरच राहते.

निदानाचं गणित सीटी स्कॅननं बदललं. गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्रानं १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं. पोटाची चित्रं त्यानंतर आली. या चित्रांत वर्तुळात वर्तुळ आणि मध्ये ओढलेली चरबी दिसली की डॉक्टरांना पोट न उघडता उमगतं. अडथळा असेल आणि गाठ दिसत असेल तर शस्त्रक्रिया होते. मोठ्या आतड्यात कर्करोगाची शक्यता जास्त, म्हणून तिथे ओढून सोडवण्याच्या भानगडीत न पडता तो भागच काढतात. लहान आतडं निरोगी दिसत असेल आणि गाठ साधी वाटत असेल तर आधी हलकेच सोडवून कमी भाग कापता येतो.

मात्र याच स्कॅननं नवा पेच आणला. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या चित्रात लहान आतड्याचा आखूडसा भाग शिरलेला दिसतो. अडथळा नाही, गाठ नाही, आणि थोड्या वेळानं तो आपोआप सुटतो. पूर्वी हे कुणाला कळतही नव्हतं. शिराळ्याचा रोगी आज ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), कराड किंवा सांगली-मिरजेहून असा अहवाल घेऊन आला, तर 'शिरलेलं' या एका शब्दावर ऑपरेशन ठरत नाही. गाठ आहे का, अडथळा आहे का, हे पाहून ठरतं. पोट फुगलं, उलट्या थांबेनात, वारा सरेना किंवा शौचातून रक्त गेलं, तर मात्र पोट चोळत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.