गडचिरोलीतील नवजात जंतुदोष उपचार

गडचिरोलीतील नवजात जंतुदोष उपचार ही नवजात बालकांच्या जंतुदोषावर (सेप्सिस) घरीच दोन प्रतिजैविके एकत्र देण्याची पद्धत आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ती गडचिरोली जिल्ह्यात विकसित केली.

पद्धत

१९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात ३९ गावांत सेवा देण्यात आली. तुलनेसाठी ४७ गावे घेण्यात आली. प्रशिक्षित आरोग्यदूत महिला घरोघरी जाऊन बाळ तपासत. दूध ओढणे कमी होणे, रडणे क्षीण होणे, अंग लुळे पडणे ही धोक्याची लक्षणे होत. रुग्णालयात जाण्याचा सल्ला पालकांनी नाकारल्यास त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन स्नायूत व को-ट्रायमोक्साझोल तोंडावाटे दिले जाई.

परिणाम

१९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्युप्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत गृहाधारित नवजात सेवा देशभर स्वीकारली.

प्रतिजैविक प्रतिरोध

जेंटामायसिन जिवाणूंची प्रथिननिर्मिती, तर को-ट्रायमोक्साझोल फॉलेटनिर्मिती रोखते. त्यामुळे एका औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूवर दुसरे लागू पडू शकते. दोन्हींना प्रतिरोध असल्यास मात्र पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसारखी जोडऔषधे किंवा मेरोपेनेम शिरेवाटे द्यावी लागू शकतात. त्यासाठी रुग्णालय गाठणे अपरिहार्य ठरते. म्हणूनच, जेथे रुग्णालय दूर आहे अशा वनप्रदेशात साध्या प्रतिजैविकांची परिणामकारकता टिकवणे विशेष महत्त्वाचे मानले जाते.