इंजिन कुठे ठेवायचे? मिउरा गाडीची गोष्ट

मित्रहो, आज आपण एका गाडीच्या निमित्ताने विचार करणार आहोत. प्रश्न अगदी साधा आहे : इंजिन कुठे ठेवायचे? बैल गाडीच्या पुढे जुंपतात. घोडा गाडी ओढतो, ढकलत नाही, असा दाखला एन्झो फेरारी देत असत असे सांगतात. दाखला चांगलाच आहे, पण दाखला म्हणजे पुरावा नव्हे.

१९५९ साली जॅक ब्रॅबहॅम कूपरच्या गाडीतून जगज्जेता झाला. तिचे इंजिन चालकाच्या मागे होते. १९६१मध्ये खुद्द फेरारीच्या तशाच गाडीतून फिल हिल जगज्जेता झाला. म्हणजे शर्यतीत घोडा मागे गेला. रस्त्यावरच्या मोठ्या गाड्यांत मात्र तो पुढेच राहिला.

मागे नेल्याने काय साधते? कावड आठवा. दोन टोकांना दोन घागरी घेऊन जागच्या जागी वळायचे म्हणजे कष्ट. त्याच घागरी अंगाशी धरल्या की माणूस चटकन वळतो. वजन तेवढेच, फक्त मध्याजवळ आले. आता यात एक मेख आहे बरं का : जे चटकन वळते, ते चटकन भोवंडतेही!

लँबोर्गिनीच्या कारखान्यात दालारा, स्टान्झानी आणि चाचणी-चालक बॉब वॉलेस ही तिशीच्या आतली मंडळी होती. इंजिन बारा सिलिंडरचे, सुमारे चार लिटरचे. आसनांमागे ते उभे ठेवून त्यापुढे गिअरबॉक्स जोडावा तर गाडी फार लांब होणार. त्यांनी इंजिन आडवे ठेवले. इसिगोनिस यांनी १९५९च्या छोट्या मिनीत, पुढच्या बाजूला, हेच केले होते. १९६५मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात नुसता सांगाडा मांडला. १९६६मध्ये जिनिव्हात बेर्तोनेच्या मार्चेल्लो गांदिनी यांनी रेखलेली पूर्ण गाडी आली. ती मिउरा.

पण उत्तराने नवे प्रश्न आणले. जागा वाचवायला इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतीव कवचात घातले, तेलही एकच. मग दात्यांचा झिजलेला कीस इंजिनात जायचा धोका आला. पेट्रोलची टाकी पुढे. पेट्रोल संपत जाईल तसे नाक हलके, आणि मोठ्या वेगात ते उचलू पाहणार. १९७१च्या 'एसव्ही'त मागची चाके रुंद केली, मागचे सस्पेन्शन बदलले; तिच्या नंतरच्या गाड्यांत तेलही वेगळे झाले. आणि पुढच्या काउंटाश गाडीत काय केले? इंजिन पुन्हा उभे! फक्त गिअरबॉक्स पुढे, दोन आसनांच्या मध्ये आणला.

म्हणजे आडवे इंजिन ही चूक होती का? आम्हाला तसे वाटत नाही. आडवे ठेवून पाहिल्यावरच उभे कसे ठेवावे हे उमगले. ज्ञानाची वाट बहुधा अशीच जाते. पण एक गोष्ट विसरू नये. तत्त्वज्ञाचे गृहीतक खोटे ठरले तर निबंध फाडता येतो. इथे गृहीतकात बसून कुणीतरी ताशी अडीचशे किलोमीटरने निघालेला असतो. म्हणून प्रयोग करणाऱ्याने धाडस जरूर करावे, पण धोका कुणाच्या पदरात पडतो आहे, हा प्रश्न आधी विचारावा. आज इथेच थांबू.