मदतनीस आणि डॉक्टर : एका अवघड वाटेचा इतिहास

आपल्यापैकीं ज्यांचें बालपण तालुक्याच्या गांवीं गेलें असेल, त्यांना डॉक्टरांच्या दवाखान्यांतील कंपाउंडर खास आठवत असेल. लाकडी आडोशाच्या मागें तो उभा असे. छोट्याशा खिडकींतून रिकामी बाटली आंत जाई आणि थोड्या वेळानें औषधानें भरून, कातरलेल्या कागदी पट्टीनें डोस दाखवून, ती बाहेर येई. डॉक्टर परगांवीं असले तर जखम तोच बांधी, ताप तोच पाही. ‘डॉक्टरांपेक्षां याच्याच हाताला गुण आहे,’ असें म्हणणारेहि गांवांत कोणी ना कोणी असत. परंतु या माणसाला स्वतः डॉक्टर होतां येईल काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारी. रोग्यांच्या उशाशीं वीस वर्षें काढलेल्या माणसानें डॉक्टर होण्यासाठीं अठरा वर्षांच्या मुलांबरोबर पहिला धडा गिरवावा, कीं त्याच्या वीस वर्षांचें कांहीं मोल धरावें? हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. त्याचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

मदतनिसांचा वर्ग जन्माला येतो तो गरजेंतून आणि काटकसरींतून. कंपनी सरकारला पलटणींसाठीं वैद्यकीय माणसें हवीं होतीं. विलायतेहून आणलेला सर्जन महाग पडे. म्हणून १८२२ सालीं कलकत्त्यास ‘नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन’ निघाली आणि देशी भाषेंतून ‘नेटिव्ह डॉक्टर’ तयार होऊं लागले. नांवांत डॉक्टर असला तरी हुद्दा सर्जनच्या हाताखालचा. १८३५ सालीं ही संस्था बंद झाली व तिच्या जागीं कलकत्त्याचें वैद्यक महाविद्यालय उभें राहिलें.

या महाविद्यालयांत पंडित मधुसूदन गुप्त हे संस्कृत कॉलेजांतून आले. ते आयुर्वेदाचे अध्यापक. येथें शारीरशास्त्र शिकविण्याच्या कामीं त्यांची नेमणूक झाली. १८३६ सालीं त्यांनीं मानवी शवाचें विच्छेदन केलें, ही गोष्ट बहुतेकांच्या ऐकण्यांत असते. परंतु तिच्याहून मला अधिक मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. १८४० सालीं, वयाच्या चाळिशीच्या आसपास, हेच पंडित महाविद्यालयाच्या परीक्षेस बसले आणि उत्तीर्ण झाले. जे दुसऱ्यांना शिकवीत होते, त्यांनीं स्वतः परीक्षा देण्यांत कमीपणा मानला नाहीं. आपला अनुभव हाच आपला दाखला, असें म्हणून ते स्वस्थ बसले नाहींत. आणि महाविद्यालयानेंहि त्यांच्यापुढें दार लावून घेतलें नाहीं. या दोन गोष्टी एकत्र येणें किती विरळ आहे, हें पुढील शंभर वर्षांच्या इतिहासावरून दिसून येतें.

मुंबईंत ग्रँट वैद्यक महाविद्यालय १८४५ सालीं सुरू झालें. एल्फिन्स्टन संस्थेंतील शिक्षकाची चालती नोकरी सोडून भाऊ दाजी लाड तेथें विद्यार्थी झाले आणि १८५१ सालच्या पहिल्या पदवीधरांत त्यांचें नांव झळकलें. भाऊ दाजी कोणाचे मदतनीस नव्हते. परंतु मिळती भाकरी बाजूला सारून पुन्हा बांकावर बसण्याचें धैर्य काय असतें, हें त्यांच्या उदाहरणानें महाराष्ट्राला दिसलें.

पुढें आपल्या देशांत वैद्यकाचे दोन जिने झाले. एक पदवीधरांचा, त्याच्या पायऱ्या विश्वविद्यालयांतून जात. दुसरा वैद्यक शाळांचा. पुणें, अहमदाबाद, नागपूर येथें अशा शाळा होत्या. मॅट्रिक झालेला होतकरू पण गरीब मुलगा तेथें जाई आणि साधारण चार वर्षांनीं परवाना घेऊन बाहेर पडे. १९१२ सालीं मुंबईंत ‘कॉलेज ऑफ फिजिशिअन्स अँड सर्जन्स’ स्थापन झालें, आणि त्याची एल. सी. पी. एस. ही परवान्याची पदवी घराघरांत ओळखीची झाली. सरकारी नोकरींत अशांना प्रथम ‘हॉस्पिटल असिस्टंट’ व पुढें ‘सब-असिस्टंट सर्जन’ म्हणत. ‘असिस्टंट’ हा शब्दच मुळीं मदतनिसाचा. त्याच्या आधीं ‘सब’ जोडला म्हणजे मदतनिसाचाहि मदतनीस! आणि तरीहि प्लेगच्या, पटकीच्या सांथींत दूरच्या तालुक्यांतील सारा भार पुष्कळदां याच माणसावर असे.

हे दोन जिने शेजारीं शेजारीं असून त्यांना जोडणारी पायरी जवळजवळ नव्हती. १९३३ च्या कायद्यानें अखिल भारतीय वैद्यक मंडळ स्थापन झालें. तें पदवीधरांच्या शिक्षणापुरतें होतें, परवानाधारकांना त्यांत स्थान नव्हतें. ही गोष्ट त्यांच्या जिव्हारीं लागली, आणि त्यांत नवल नाहीं. नाशिकांत जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला. त्यांतील आंकडे बोलके आहेत. ब्रिटिश हिंदुस्थानांतील नोंदलेल्या ४७,५२४ डॉक्टरांपैकीं पदवीधर १७,६५४ आणि परवानाधारक २९,८७० होते. म्हणजे दर आठ डॉक्टरांपैकीं पांच दुसऱ्या जिन्यानें आलेले. ज्यांना दुय्यम म्हणावयाचें, त्यांच्याच खांद्यावर देशाच्या आरोग्याचा मोठा वांटा होता.

समितीच्या बहुमतानें शिफारस केली कीं, यापुढें डॉक्टर एकाच प्रकारचा असावा, परवान्याचें शिक्षण थांबवावें, आणि असलेल्या परवानाधारकांना पदवी मिळविण्याची सोय करून द्यावी. कांहीं सभासदांनीं भिन्नमत नोंदविलें. दर ६,३०० माणसांमागें एकच डॉक्टर असतांना तयार होणाऱ्यांची संख्या कमी करणें, हें खेड्यांना वाऱ्यावर सोडण्यासारखें आहे, असा त्या पक्षाचा रोख होता. दोन्ही बाजूंना सत्य होतें. खेड्यांतील रोग्याला कमी शिकलेला डॉक्टर कां पुरावा, हा प्रश्न खरा. आणि पुरेसा शिकलेला तेथें पोंचेपर्यंत रोग्यानें काय करावें, हाहि तितकाच खरा.

निर्णय झाला तो बहुमताच्या बाजूनें. पुणें व अहमदाबाद येथील शाळा १९४६ सालीं महाविद्यालयें झाल्या. असहकाराच्या काळांत, १९२१ सालीं, मुंबईंत निघालेलें राष्ट्रीय वैद्यक महाविद्यालय त्याच वर्षीं टोपीवाला या नांवानें नव्या रूपांत उभें राहिलें. नागपूरचें महाविद्यालय १९४७ सालीं आलें. परवानाधारकांसाठीं संक्षिप्त एम. बी. बी. एस. चा अभ्यासक्रम निघाला. ही ती पायरी!

या पायरीवर पाऊल ठेवणें म्हणजे काय, याचा विचार करा. चाळिशीचा गृहस्थ, चालता दवाखाना, मुलें शाळेंत, घरीं वृद्ध आईवडील. दवाखान्याला कुलूप लावलें कीं मिळकत थांबली. दवाखाना थांबला कीं रोगी दुसऱ्या दारीं गेला. परीक्षक कदाचित् वयानें लहान. आणि इतकें करून हातीं काय, तर जें काम आपण करीतच होतों तेंच करण्याचा पूर्ण मान! व्यवहारी माणूस म्हणेल, ‘हा तोट्याचा सौदा.’ तरी पुष्कळांनीं तो केला. कारण ‘दुय्यम’ हा शब्द पाटीवरून पुसला जावा, याचें मोल पैशांत करतां येत नाहीं.

गंमत अशी कीं, आपण जिना काढून टाकल्यावर वीस वर्षांच्या आंत अमेरिकेनें तसाच नवा जिना बांधला. उत्तर कॅरोलिनांतील ड्यूक विश्वविद्यालयांत डॉ. यूजीन स्टेड यांनीं १९६५ सालीं नौदलांतील चार माजी शुश्रूषा-सैनिकांना घेऊन ‘फिजिशिअन असिस्टंट’ हा वर्ग सुरू केला. डॉक्टरांचा तुटवडा होता, आणि लष्करांत रोगी सांभाळलेल्या माणसांना नागरी जीवनांत जागा नव्हती. दोन उणिवांची सांगड त्यांनीं घातली. १९६७ सालीं त्यांतील तिघे उत्तीर्ण झाले आणि हा पेशा पुढें देशभर पसरला. परंतु जुनें कोडें तेथेंहि उभें राहिलेंच. अशा असिस्टंटाला डॉक्टर व्हावयाचें असेल तर सामान्यतः प्रवेशपरीक्षेपासून सारें नव्यानें करावें लागतें : चार वर्षें महाविद्यालय, आणि त्यावर किमान तीन वर्षें रुग्णालयांतील उमेदवारी. २०११ सालीं पेनसिल्व्हेनियांतील लेक एरी ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयानें अशांसाठीं चार वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत बसविला. सवलत एका वर्षाची! शरीराचें व रोगाचें मूळ शास्त्र त्यालाहि चुकलेलें नाहीं.

आणि तें चुकूं नये, असेंच मला वाटतें. अनुभव माणसाला पाहिलेला रोग ओळखावयास शिकवितो. न पाहिलेल्या रोगापुढें शास्त्रच उभें राहतें. रोग्याचा जीव पणाला लागलेला असतांना कोणाच्या मानासाठीं कसोटी सैल करतां येणार नाहीं. परंतु कसोटी कडक ठेवणें निराळें आणि कसोटीपर्यंत येण्याची वाटच बुजविणें निराळें. पहिल्यानें रोग्याचें रक्षण होतें. दुसऱ्यानें केवळ वरच्या जिन्यावर उभे असलेल्यांचें. मधुसूदन गुप्तांची परीक्षा कोणी माफ केली नाहीं, आणि ‘तुमचें वय झालें’ असेंहि त्यांना कोणी म्हटलें नाहीं. आडोशामागें बाटल्या भरणाऱ्या एखाद्या हुशार हाताला आपण इतकी तरी संधि देतों काय, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें.